वेळेतला ळ

माझ्या मशीनचा ळ
एकोणनव्वद साली तुटला, तो तुटलाच.
साकोलीच्या तहसिलीसमोर कडुनिंबाखाली
मी वेळ टाइप करायचो, तर नुसता वे उमटायचा,
पुढची जागा पेनानं भरायची.
बायका हसायच्या. कायले भरता जी,
आमी तं तसंबी वेरच म्हनतो.

टीकाराम भेंडारकर तेव्हा नवा वकील.
काळा कोट सायकलच्या हँडलला,
खिशात बिड्यांचं बंडल,
ओढायला नाही, मोजायला.
हजार बिड्या वळून नेल्या की सट्टेदार
मूठ-मूठ उपसून बाजूला टाकायचा: छाट.
ही वाकडी, ही जाडी, हिचं तोंड नीट मोडलं नाही.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
संध्याकाळी तीच दुसऱ्या लेबलाखाली विकली जायची.
सहा महिने हा माणूस गावोगाव ओसरीवर बसून
नुसती छाट मोजत होता.
सानगडी, हजारी एकशे चाळीस.
सौंदड, एकशे साठ.
मी टाइप करत होतो.

पहिला अर्ज भागरता शहारेचा.
तिचा अंगठा कागदावर उमटेना,
तंबाखूनं आणि कात्रीनं रेषा पुसलेल्या.
वकील म्हणाला, लिहा बाबू,
अर्जदाराचा अंगठा कामात खर्च झाला आहे.
साहेबांनी ते वाक्य खोडायला लावलं.
खोडलं आम्ही.
कार्बन कॉपीत राहिलं.

मग युनियन झाली, भंडाऱ्याच्या तारखा झाल्या,
फी म्हणून कुणी लाखोळीची डाळ आणायचं,
कुणी नुसतंच सोबत यायचं.
निवडणुकीचं डिपॉझिट बायकांनी चिल्लरमध्ये भरलं,
कारकुनाची अख्खी दुपार गेली.
एकदा पडला. पुन्हा पडला, जरा कमी मतांनी.
तिसऱ्या वेळी मोठ्या पक्षानं जवळ केलं
आणि सभेत, मंचावर, दुसऱ्या रांगेत
सट्टेदाराचा जावई बसलेला.
मी पाहिलं. भागरतानंही पाहिलं.
म्हणाली, बसू द्या जी, खुर्ची हाय.

दिल्लीहून त्यानं मला छापील कागद पाठवला.
त्याचा पहिला प्रश्न, छाटीबद्दल.
खाली उत्तर: माहिती गोळा करण्यात येत आहे.
ती माहिती माझ्या टेबलाखाली पोत्यात होती,
तंबाखूच्याच, वाळवी लागू नये म्हणून.
दुसरा प्रश्न रस्त्याचा निघाला. तिसरा विमानतळाचा.
बंडलावर फुप्फुसाचं चित्र छापायचं की नाही
यावरही तो बोलला म्हणतात, फार छान,
दोन्ही बाजूंनी.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गाडी थांबली.
पोरं लाकडी बैल घेऊन बाजूला झाली.
तो माझ्या स्टुलावर बसला, पूर्वीसारखाच,
एक पाय मुडपून. केस पांढरे, कोट नाही.
शेजारी झेरॉक्सवाल्याकडे कॉम्प्युटर आहे, मी म्हटलं.
नाही, तूच कर.
वकीलपत्र मागे घेण्याचा अर्ज.
भागरता शहारे व इतर एकोणीस.
त्या एकोणीसमधल्या सात उरल्यात,
हे त्याला मीच सांगितलं.
कारण? मी विचारलं.
तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, लिही, वेळेअभावी.

मशीननं वे मारला,
मग रिकामी जागा,
आणि त्या जागेवर एकटी मात्रा, हवेत लटकलेली.
मी पेन पुढे केलं. त्यानं सही केली.
साहेब, ळ राहिला, म्हणेपर्यंत
गाडी पोरांमधून वाट काढत होती.

पुढच्या तारखेच्या आधी भागरता आली.
वाचा म्हणाली. वाचला.
वेर नाही म्हनते?
हाव.
बराच वेळ ती पदराच्या टोकाशी काहीतरी करत बसली,
बोटं आपोआप वळत होती, पान नसताना.
मंग तुमीच चला भंडाऱ्याले.
मोजनी तं तुमालेच पाठ हाय.
मी वकील नाही, भागरताबाई.
शिवाय मला बस लागते.
ती उठली, टेबलाखालचं पोतं ओढलं,
म्हणाली,
खिडकीत बसा.